भंगारात निघालेली सायकल



आज पापड-मसाल्यांवर बोलायचे नाही. कर्जाच्या हप्त्यांवर बोलू, पण शेवटी आणि थोडेच. आज बोलायचे आहे जुन्या सायकलीवर. तुमच्या पडवीत, गोठ्याच्या कोपऱ्यात नाहीतर माळ्यावर अशी एखादी सायकल असेलच. काळी, उंच, जड. टायर कुजलेले, सीटवर कोंबडी बसलेली. कुणाच्या आजोबांनी मुंबईच्या गिरणीत काम करताना घेतलेली, कुणाच्या वडिलांना लग्नात मिळालेली. जुने ते सोने असे आपण म्हणतो, पण भंगारवाल्याच्या काट्यावर ते लोखंडच असते.

आमच्या गटातल्या एका वहिनींच्या चाळीच्या जिन्याखाली अशीच एक सायकल होती. चाळ पुनर्विकासाला गेली. जिन्याखालचे सामान पंधरा दिवसांत हलवा, अशी सूचना लागली. भंगारवाल्याने सायकल काट्यावर टांगली. वीस किलो भरली. किलोला पंचवीस, म्हणजे पाचशे रुपये. वहिनींचा मुलगा म्हणाला, "पाचशे कशाला, मला द्या. झकास निळा रंग मारतो, जाड टायर टाकतो, रेंजरसारखी करतो." वहिनी म्हणाल्या, "ही तुझ्या आजोबांची आहे. ती त्यांचीच दिसली पाहिजे." आणि त्या गटाच्या बैठकीत आल्या अंतर्गत कर्ज मागायला. रक्कम अडीच हजार रुपये, कारण सायकल दुरुस्ती.

तिथून सुरू झालेल्या कामात आम्ही बरेच शिकलो आणि चुकाही केल्या. तुम्हाला त्या चुका करायला लागू नयेत, म्हणून हे सांगतो.

नवी करणे आणि उभी करणे

सायकल नवी करणे सोपे आहे. घासा, रंगवा, बाजारात मिळतील ते भाग लावा. पण मग ती जुनी सायकल राहत नाही, जुन्या सांगाड्यावरची नवी सायकल होते. दुसरा मार्ग असा की, सायकल ज्या काळातली आहे त्याच काळाचे, त्याच जातीचे भाग शोधून तिला पुन्हा चालती करायची. जे आहे ते जपायचे, जे गेले आहे तेवढेच शोधायचे.

जगभर लोक हे काम हौसेने करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मरिन भागात १९७० च्या दशकात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली शोधून डोंगराच्या उतारावर पळवायला सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकल बांधली आणि १९८१ मध्ये स्टम्पजम्पर नावाची तशी सायकल दुकानांत विकायला आली. आपली पोरे जिला सरसकट रेंजर म्हणतात, त्या जातीचे मूळ हे असे जुन्या सायकलींत आहे. आज हौशी लोक तेव्हाच्या त्या सायकलींसाठी त्याच वर्षाचे ब्रेक आणि गिअर हुडकत फिरतात.

एवढे लांब जायलाही नको. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बीएसए कंपनीने केलेली घडीची सायकल तिथे पाहायला मिळते. पुण्याला गेलात तर पोरांना घेऊन जरूर जा.

पहिल्या दिवशी काहीच करू नका

आमची पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. उत्साहाच्या भरात आमच्यातल्या एकीने तारेची घासणी घेतली आणि हँडलखालच्या नळीवरचा पत्र्याचा बिल्ला खसाखसा घासला. त्यावरची निम्मी अक्षरे गेली. उरलेल्या अक्षरांवरून कळले की सायकल 'हिंद' आहे.

हे कळल्यावर आम्हाला फार वाईट वाटले, कारण हिंद सायकल ही आमच्या शेजारचीच. परळहून वरळी लांब नाही, आणि वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून होता. १९८० मध्ये संसदेने कायदा करून हा कारखाना आणि बंगालमधली सेन-रॅले कंपनी सरकारच्या मालकीची केली. पुढे वरळीचा कारखाना बंद झाला. रस्त्याला मात्र हिंद सायकल हे नाव अजून आहे. म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांची सायकल त्यांच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर तयार झालेली, आणि तिच्या नावाची पाटी आम्ही घासून टाकली!

म्हणून पहिल्या दिवशी फक्त बघा. कोरड्या फडक्याने धूळ पुसा. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा: कुठला नट कुठे, कुठली सळई कुणाच्या वर, चेनचे झाकण कसे बसले आहे. सीटखालच्या नळीजवळ किंवा पायडलच्या गाभ्याच्या खाली नंबर ठोकलेला असतो. तो वहीत लिहा. बिल्ला, नावाची चिकटचित्रे आणि सांगाड्यावर ओढलेल्या बारीक सोनेरी रेघा यांना घासणी लावायची नाही. एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत.

वय कसे ओळखायचे

जुने भाग शोधायचे तर आधी काळ कळला पाहिजे. पावती कुणाकडेच नसते. पण सायकल स्वतः बोलते. अनेक कंपन्या आपली खूण भागांवर ठेवत. बीएसएच्या खुणेत एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका असतात, कारण ती मुळात बंदुका करणारी कंपनी. रॅलेच्या चेनव्हीलच्या नक्षीत बगळ्यांची डोकी कापलेली दिसतात, तर हंबरच्या चेनव्हीलमध्ये पळणारी माणसे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा गिअर असेल, तर त्याच्या डब्यावर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेले सापडते. पूर्वी बऱ्याच नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. तो सायकलीवर टिकून असेल तर त्यावरचे वर्षही कामाला येते.

आमच्या सायकलीवर यातले काहीच नव्हते. मग वहिनींनी गावी सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंना साल सांगता आले नाही, पण त्या म्हणाल्या, "थोरल्याचे बारसे झाले, त्या दिवाळीच्या बोनसात घेतली." थोरल्या दिरांचा शाळेचा दाखला काढला. जन्म १९६४. बोनसही त्याच वर्षीचा. झाले!

मैत्रिणींनो, आपल्या घरच्या वस्तूंची सने अशीच सापडतात. बारसे, लग्न, दुष्काळ, पूर यांच्याशी ती बांधलेली असतात, आणि ती बायकांच्या लक्षात असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारणे हे या कामातले पहिले हत्यार आहे. पान्याची पाळी त्यानंतर.

तीन याद्या

आमच्या भागात एक सायकलवाले काका आहेत. त्यांनी आम्हाला वहीत तीन याद्या करायला लावल्या.

पहिली यादी, जपायच्या भागांची. सांगाडा, पुढचा चिमटा, हँडल, सळईचे ब्रेक, मडगार्ड, चेनव्हील, क्रँक, मूळ रंग. हे कितीही खराब दिसले तरी आधी दुरुस्त करून बघायचे.

दुसरी यादी, शोधायच्या भागांची. जे हरवले आहेत आणि नवे लावले तर डोळ्याला खुपतील असे. आमच्या सायकलीची घंटी आणि चेनच्या झाकणाचा मागचा तुकडा गायब होता.

तिसरी यादी, नवेच घ्यायच्या भागांची. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, छर्रे, क्रँकमधल्या कॉटर पिना. इथे हौस चालत नाही. साठ वर्षांपूर्वीचा टायर कितीही अस्सल असला तरी तो उतारावर फुटतो. जुना ब्रेक रबर दगडासारखा कडक होतो आणि घसरतो. ज्या भागावर जीव अवलंबून आहे तो नवा हवा, मग बघणारा काहीही म्हणो.

याच वेळी सांगाडा आणि चिमटा उन्हात नेऊन नीट तपासा. नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे आणि चिमट्याच्या वरच्या टोकाला केसासारखी चीर दिसते का, रंगाला सुरकुती पडली आहे का, ते बघा. चीर असेल तर ती सायकल चालवायची नाही. दारात शोभेला ठेवा, पण कुणाला वर बसू देऊ नका.

खोलताना

हे काम जाणकाराजवळ बसूनच करा. तरी चार गोष्टी आपल्याला माहीत हव्यात.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आम्ही ते नेहमीसारखे फिरवले, पान्याला नळी लावून जोर केला आणि आटे जवळजवळ खाऊन टाकले. काकांनी सोपी खूण सांगितली. पाना पायडलच्या दांड्यावर वरच्या बाजूला उभा धरायचा आणि मागच्या चाकाच्या दिशेने दाबायचा. डावे असो की उजवे, दोन्ही असेच सुटते. पायडलच्या गाभ्यातली चेनच्या बाजूची वाटीही बहुतेक सायकलींत उलट्या आट्याची असते. ती सुटत नसेल तर जबरदस्ती करू नका. जागेवरच साफ होते.

कॉटर पिन म्हणजे क्रँक घट्ट धरणारी पाचर. तिच्यावर नुसता हातोडा मारला तर ती वाकते आणि छर्ऱ्यांनाही मार बसतो. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा किंवा जाड नळीचा आधार द्या, नट पिनेच्या टोकापर्यंत आणून ठेवा आणि मग एकच नेमका घाव घाला. परत बसवताना दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. सारख्या बसवल्या तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

छर्रे मोजून घ्या. अशा साध्या सायकलीत पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना दहा-दहा बारीक छर्रे असतात, मागच्या चाकाला नऊ-नऊ मोठे, आणि पायडलच्या गाभ्यात सुटे असतील तर अकरा-अकरा. खाली जुनी साडी अंथरा, नाहीतर निम्मे छर्रे घरंगळून कुठे जातील ते सापडणार नाही. प्रत्येक जागेचे सामान वेगळ्या वाटीत ठेवा आणि वाटीवर चिठ्ठी लावा. डाळी-मसाल्यांचे डबे लावणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. काका म्हणाले, माझ्या दुकानातल्या पोरांनी इतके नीट कधी ठेवले नाही.

चौथी गोष्ट रॉकेलची. छर्रे आणि चेन धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरतात. ते उघड्यावर करा, चुलीपासून, गॅसपासून, उदबत्तीपासूनही लांब.

गंज आणि रंग

सगळा गंज सारखा नसतो. वरवरचा तांबूस गंज पुसून जातो, आत खड्डे पडलेला गंज लोखंड खातो. चकचकीत भागांवर, म्हणजे हँडल, रिम, घंटी यांवर अन्न गुंडाळायचा चांदीसारखा कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. तो मऊ असतो, ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघतो. लहान नट-बोल्ट व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी धुऊन, कोरडे करून लगेच तेल लावा. तेल लावायला उशीर झाला तर दुपारपर्यंत पुन्हा गंज चढतो.

रंगलेल्या नळ्यांना मात्र ओल्या मऊ फडक्याने पुसून मशीनचे तेल किंवा मेण लावावे. काळा रंग असा खुलतो की रंगवायची गरज वाटत नाही. जिथे रंग उडाला आहे तिथे उडालेलाच राहू द्यावा. वहिनींच्या सायकलीच्या वरच्या नळीवर मधोमध रंग गेलेला होता. तिथे लहानपणी त्यांचे दीर बसून शाळेत जायचे. आता त्यावर लांबी भरून रंग मारला तर सायकल चमकेल, पण ती बसायची जागा राहणार नाही.

आणखी एक, आणि हे आपल्या तब्येतीचे आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. कोरडा रंग पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ उडते आणि श्वासातून पोटात जाते. घासायचेच असेल तर पाणी लावून घासा, तोंडावर ओढणी बांधा, नंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नका. लेकरांना आणि दिवस गेलेल्या बायकांना तिथे बसू देऊ नका.

सव्वीस म्हणजे सव्वीस नव्हे

टायरच्या बाबतीत आमचा एक दिवस वाया गेला. टायर घ्यायला गेलो, मोजमाप न घेता "सव्वीस नंबर" मागितला आणि दुकानदाराने रेंजरचे जाड टायर बांधून दिले. घरी आणून बघतो तर रिमला बसायचे नावच घेईनात. आमची रिम मुळात अठ्ठावीसची होती.

पण खरी गंमत पुढे आहे. टायरवर २६ लिहिले आहे म्हणून ते एकाच मापाचे असते असे नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो बघायचा. रेंजरसारख्या जाड टायरवर शेवटी ५५९ असते. बारीक टायरच्या २६ नंबर सायकलीला ५९० लागतो. जुन्या उंच काळ्या सायकलीच्या २८ च्या टायरला ६३५, आणि आजच्या काही गिअरच्या सायकलींच्या २८ च्या टायरला ६२२. हे आकडे म्हणजे टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. जुन्या टायरवरचा आकडा वहीत उतरवून दुकानात जा. पुसला असेल तर चाकच घेऊन जा.

रिमचेही तसेच. सळईच्या ब्रेकचा रबर रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे चाकाच्या मधल्या बाजूला टेकतो. वायरच्या ब्रेकचा रबर दोन्ही कडांना चिमटतो. त्यामुळे एकीची रिम दुसरीला चालत नाही. शिवाय जुन्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण ओझे मागे. ३६ भोकांची नवी रिम आणली तर ती पडून राहते. आणि एक लक्षात ठेवा. लोखंडी रिमवर सळईचा ब्रेक पावसात उशिरा लागतो. अस्सल सायकलीवर बसलात तरी पावसाळ्यात सावकाश चालवा.

हरवलेले भाग कुठे शोधायचे

मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, असे सामान मिळते. आमची घंटी आणि झाकणाचा तुकडा तिथे सापडला. तुमच्याकडे त्याहून चांगली ठिकाणे आहेत. तालुक्याच्या गावातली तासावर सायकल भाड्याने देणारी जुनी दुकाने, त्यांच्या माळ्यावरची पोती, आठवड्याच्या बाजारातला भंगाराचा कोपरा.

शोधताना आम्ही दोन नियम पाळले. एक, धड असलेली सायकल भागांसाठी मोडायची नाही. दोन मोडक्यांतून एक उभी करणे ठीक, पण एक उभी असताना ती पाडून दुसरी सजवणे बरोबर नाही. दुसरा नियम, कुठला भाग मूळचा, कुठला शोधून लावलेला आणि कुठला नवा, हे वहीत लिहून ठेवायचे. उद्या ती सायकल विकायची वेळ आली तर वही बरोबर द्यायची. जोडलेली वस्तू अस्सल म्हणून विकणे म्हणजे आपल्या मसाल्यात रंग घालण्यासारखे आहे.

काळ कोणता?

आता या कामात आम्ही जिथे अडलो ते सांगतो.

सायकलीचा मागचा कॅरिअर कंपनीचा नव्हता. मूळ कॅरिअरला दोन जाड सळ्या वेल्ड करून तो लांब-रुंद केला होता, खाली नळीचे टेकू दिले होते. दिसायला अगदी ओबडधोबड. काका म्हणाले, "हा काढा. चौसष्टच्या हिंदला हे नव्हते. तुम्हाला त्या काळाची सायकल हवी ना?" मुलगाही म्हणाला, काढा. आम्हालाही पटले. आपणच तर म्हणत होतो, तिच्या काळाचेच भाग हवेत.

वहिनींनी सासूबाईंना सहज फोनवर सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो कॅरिअर काढणार असाल तर सायकल भंगारातच घाला."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, घराघरात तीच गत. अनेक जण गावी गेले, अनेकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. वहिनींचे सासरे गावी गेले नाहीत. त्यांनी कॅरिअरला सळ्या मारून घेतल्या, वर पत्र्याची पेटी बांधली आणि पहाटे बेकरीतून पाव उचलून चाळी-चाळींत टाकायला सुरुवात केली. चार वर्षे त्या कॅरिअरवर घर चालले. थोरल्याचे शिक्षण, धाकट्याच्या आजारपणाचा खर्च, सासूबाईंचे गहाण पडलेले मंगळसूत्र सोडवणे, सगळे त्यावर.

मग सायकलीचा काळ कोणता म्हणायचा? कारखान्यातून निघाली तो दिवस, की ज्या दिवसांत तिने घर ओढले ते दिवस?

आम्ही काकांसमोर हाच प्रश्न ठेवला. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग हा भागही तिच्या काळाचाच. फक्त काळ दुसरा." कॅरिअर ठेवला. पण तपासून ठेवला. डाव्या टेकूचा वेल्ड सुटत आला होता, तो पक्का करून घेतला. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू कुणाच्या अंगावर पडता कामा नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. जुनी वस्तू तिच्या काळासारखी करायची असेल, तर तो काळ कारागिराने किंवा पुस्तकाने ठरवायच्या आधी, ज्यांनी ती वस्तू वापरली त्यांना विचारा. चाकात नंतर घातलेल्या जाड तारा, सीटखाली गुंडाळलेली चिंधी, हँडलला अडकवलेला पिशवीचा आकडा, हे सगळे काढून टाकण्याआधी एकदा विचारा, हे कुणी आणि का लावले. उत्तर नाही मिळाले तर काढा. मिळाले तर ते वहीत लिहा आणि मग ठरवा.

हिशोब

आता कर्जाचे. बैठकीत यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, हे उत्पादक कर्ज नाही, आठवणींसाठी पैसे कसे द्यायचे? आमच्यातल्या एका मावशींनी आठवण करून दिली की, गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनाही एके काळी कर्ज देण्यालायक कुणी समजत नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले तेव्हा बँकेची दारे उघडली. "कोणते काम कामाचे, हे दुसऱ्याने ठरवू नये," मावशी म्हणाल्या. ठराव झाला. अडीच हजार रुपये, दहा हप्ते, गटाच्या नेहमीच्या व्याजाने.

खर्च असा झाला. टायर ६००, ट्यूब २२०, चेन १८०, फ्रीव्हील १७०, छर्रे-कॉटर पिना-ब्रेक रबर २१०, तारा ६०, रॉकेल-ग्रीस-पॉलिश पेपर १५०, चोरबाजारातली घंटी आणि झाकण ३५०, वेल्डिंग १००, काकांची मजुरी ४००. एकूण २,४४० रुपये. नवी साधी सायकलही एवढ्यात येत नाही. चुकीचे टायर न वापरलेले होते म्हणून दुकानदाराने परत घेतले, नाहीतर हा हिशोब कर्जाच्या बाहेर गेला असता. काकांनी मजुरी कमी घेतली, कारण घासणे, धुणे, मोजणे आम्हीच केले. मजुरी वाचली तरी आमचे पाच रविवार गेले, तेही हिशोबात धरा.

सायकल आता कुठे आहे? वहिनी भाड्याच्या घरात राहायला गेल्या, तिथे जागा नाही. गणपतीला ती टेम्पोतून गावी गेली. तिथे थोरल्या दिरांची नात आठवीत आहे. सायकल तिला उंच पडते, पण ती मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा त्यांनीही मिळेल ती पुरुषी सायकल घेऊनच सुरुवात केली होती. सध्या ती मुलगी आठवड्यातून दोनदा गिरणीतून दळण आणते. पिशवी ठेवायला तो लांब कॅरिअर बरोबर पुरतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या आधी एक करा. आपापल्या घरातली जुनी सायकल, शिवणयंत्र, जाते, रेडिओ, जे असेल ते एकदा बाहेर काढा. घासणी घेऊ नका. वही घ्या, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसून विचारा: हे कधी आले, कशातून आले, यावर काय काय वाहिले? उत्तर बैठकीत वाचून दाखवा. भंगारवाला काय, पुढच्या आठवड्यातही येणारच आहे.